‘करतील’ की ‘करावे’? दिंडोरीच्या द्राक्षबागेतून पॅरिस करार वाचताना

पॅरिस करारावर मत बहुतेकांचं असतं, पण तो वाचलेला फार थोड्यांनी असतो. २९ कलमं, छापली तर पंचवीसेक पानं. एका दुपारी वाचून होतो. तरी आपण तो वाचत नाही, कारण बातम्यांत त्याचा सारांश येतो: ‘जगाचं तापमान दोन अंशांच्या बरंच खाली ठेवायचं, जमल्यास दीड अंशावर रोखायचं.’ हा सारांश खोटा नाही. पण करार काय इच्छितो तेवढंच त्यातून कळतं. कोणाला काय करायला भाग पाडतो, ते कळत नाही.

माझ्या पीएचडीचा विषय साधारण हाच आहे. आंतरराष्ट्रीय करारांची भाषा गावापर्यंत पोचते का, आणि पोचेपर्यंत तिचं काय होतं? अभ्यासाचा तालुका आहे दिंडोरी. ‘पॅरिस कुठे आणि दिंडोरी कुठे’ असं ऐकायची आता सवय झाली आहे. म्हणून या लेखात मी तुम्हाला दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावणार आहे. दोन्ही परदेशात ठरलेले आहेत आणि दोन्हींचा संबंध दिंडोरीच्या द्राक्षबागेशी आहे. एक थेट वेलीपर्यंत पोचतो. दुसरा पोचत नाही. का, ते मजकुरातच लिहिलेलं आहे.

वाचायचे चार प्रश्न

करार वाचताना मी प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारते. वाक्याचा कर्ता कोण? क्रियापद कोणतं? त्यात आकडा आहे का? आणि सांगितलेलं केलं नाही तर काय होतं?

यातला दुसरा प्रश्न शब्दच्छलासारखा वाटेल, पण कायद्याच्या भाषेत सगळा जीव क्रियापदात असतो. इंग्रजी करारात ‘शॅल’ आलं तर बंधन. ‘शुड’ आलं तर अपेक्षा. मराठीत आपण पहिल्याला ‘करतील’ म्हणू, दुसऱ्याला ‘करावे’. त्याखाली आणखी पायऱ्या आहेत: ‘प्रोत्साहन देण्यात येते’, ‘निमंत्रित करण्यात येते’, आणि सगळ्यात तळाला ‘महत्त्व मान्य करतात’. घरमालकाने भाडेकरूला ‘भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्याल’ असं लिहून घेणं वेगळं, आणि ‘वेळेवर भाडं देण्याचं महत्त्व उभयपक्षी मान्य आहे’ असं लिहून घेणं वेगळं. दुसऱ्या कागदावर कोणी खोली देणार नाही.

आधी द्राक्षांचा नियम

दिंडोरी तालुक्यात मोहाडी, जानोरी, लखमापूर, खेडगाव या भागात फिरलात तर द्राक्ष हे इथलं नुसतं पीक नाही हे लगेच कळतं. लग्नाच्या तारखा, बँकेचे हप्ते, मुलांच्या कॉलेजच्या फिया, सगळं खरड छाटणी आणि गोडी छाटणीच्या वेळापत्रकावर चालतं. एप्रिलमध्ये खरड, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी, जानेवारीनंतर तोडणी. यातला एक भाग युरोपला जातो, आणि तिथे जाताना युरोपचा नियम बागेत येतो.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची पद्धत उभी राहिली आणि पुढे अपेडाची ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था आली. ज्या प्लॉटमधून निर्यात करायची, त्याची कृषी खात्याकडे नोंदणी होते आणि त्याला क्रमांक मिळतो. कोणती फवारणी कधी केली याची नोंद ठेवावी लागते. प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम बघतं. अहवाल पास झाला तरच माल पुढे जातो. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून माग काढत काढत बागेपर्यंत येता येतं.

२०१० साल दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना अजून आठवतं. त्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदाराच्या भाषेत ‘सीसीसी’, सापडल्याचं सांगून माल अडवला. वेलीची फाजील वाढ रोखायला हे वाढनियंत्रक वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. कंटेनर बंदरावर अडकले, भाव पडले, निर्यातदारांबरोबर बागायतदारही कर्जात गेले.

आता चार प्रश्न विचारा. कर्ता कोण? निर्यातदार, आणि त्याच्यामार्फत क्रमांक मिळालेला प्लॉटधारक. क्रियापद? ‘असता कामा नये.’ आकडा? ०.०५. नाही पाळलं तर? माल परत किंवा नष्ट, पैसे बुडीत. चारही उत्तरं एका ओळीत देता येतात. नियम कठोर आहे. तो न्याय्य आहे का, यावर वेगळं भांडण होऊ शकतं. पण तो अस्पष्ट आहे, असं त्याचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ‘आंतरराष्ट्रीय नियम इतक्या लांबच्या गावात, इतक्या लहान शेतकऱ्यापर्यंत पोचवणं व्यवहारात अशक्य असतं’ हे वाक्य हवामान परिषदांच्या चर्चेत नेहमी ऐकू येतं. दिंडोरीत ते खोटं ठरलेलं आहे. दोन कोटींत एक भाग इतक्या बारकाईचा नियम इथे प्लॉटनिहाय पोचला आहे, आणि त्यालाही आता वीस वर्षं होत आली.

आता पॅरिस

१२ डिसेंबर २०१५ला पॅरिस करार मंजूर झाला. ४ नोव्हेंबर २०१६पासून तो लागू आहे आणि भारताने २ ऑक्टोबर २०१६ला त्याला अधिकृत मान्यता दिली.

मंजुरीच्या दिवशीचा एक प्रसंग करार वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. कलम ४, परिच्छेद ४मध्ये शेवटच्या मसुद्यात लिहिलं होतं की विकसित देश संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी उत्सर्जन कपातीची उद्दिष्टं घेऊन पुढाकार घेत राहतील. ‘शॅल’. अमेरिकेच्या शिष्टमंडळाला हा शब्द चालणार नव्हता, कारण असं बंधन आलं की करार त्यांच्या सिनेटसमोर न्यावा लागला असता, आणि तिथे तो पडला असता. सभा लांबली. मग सचिवालयाकडून काही ‘तांत्रिक दुरुस्त्या’ वाचून दाखवण्यात आल्या. त्यांत स्वल्पविरामासारख्या किरकोळ दुरुस्त्यांच्या रांगेत ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ बसलं. थोड्या वेळात हातोडी पडली, टाळ्या वाजल्या.

‘करतील’चं ‘करावे’ झालं, तेही छपाईची चूक म्हणून.

बाकीचा करार या प्रसंगाच्या उजेडात वाचा. कलम ४, परिच्छेद २ सांगतं की प्रत्येक देश आपला राष्ट्रीय आराखडा तयार करील, कळवील आणि चालू ठेवील. इथे ‘शॅल’ आहे. पण आराखड्यातलं उद्दिष्ट गाठील असं कुठेच नाही. ते ‘गाठायचा मानस आहे’ एवढंच आहे. मुलाला सांगावं, अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर लावलंच पाहिजे, दर पाच वर्षांनी नवं आणि आधीच्यापेक्षा कडक लावलं पाहिजे. अभ्यास मात्र तुझ्या मनावर. कलम ७मध्ये अनुकूलनाची, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची तरतूद आहे. तिथलं क्रियापद तर पाहण्यासारखं आहे: देश अनुकूलनाचं नियोजन ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे करतील’. बंधन आणि पळवाट एकाच श्वासात.

न केल्यास काय? कलम १५मध्ये पालनासाठी समिती आहे. तिचं वर्णन करारातच दिलं आहे: मदत करणारी, पारदर्शक, संघर्ष न करणारी आणि शिक्षा न करणारी.

आणि शेती? मूळ मजकुरात ‘शेती’ या अर्थाचा सरळ शब्द येत नाही. ‘शेतकरी’ही नाही. आहे ते ‘अन्नोत्पादन’: उत्सर्जन कमी करताना अन्नोत्पादनाला धोका पोचू नये, आणि अन्नोत्पादनाच्या व्यवस्था नाजूक आहेत याची दखल. अन्नोत्पादन हे भाववाचक नाम आहे. त्याचा पंचनामा होत नाही.

कलम आठ, आणि नोव्हेंबरातली गारपीट

दिंडोरीच्या दृष्टीने करारातलं सगळ्यात जवळचं कलम आठवं. विषय ‘हानी आणि नुकसान’. म्हणजे उत्सर्जन कमी करूनही, जुळवून घेऊनही जे नुकसान होणारच, त्याचं काय? गोडी छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला तर काय होतं ते बागायतदाराला विचारा. घड जिरतात, डावण्या येतो, फुलोऱ्यात मणीगळ होते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर मणी तडकतात. आठवड्याला दोनाच्या जागी चार-पाच फवारण्या होतात. आणि फवारण्या वाढल्या की अंश तपासणीत नापास व्हायची भीतीही वाढते. एका नियमाची झळ दुसऱ्या नियमात उतरते ती अशी.

कलम आठचा पहिला परिच्छेद सांगतो की सर्व पक्ष हानी आणि नुकसान टाळण्याचं, कमी करण्याचं आणि त्याला तोंड देण्याचं महत्त्व मान्य करतात. सगळ्यात खालच्या पायरीचं क्रियापद. पुढे ‘करावे’ येतं: समज, कृती आणि साहाय्य वाढवावं, सहकार्याच्या भूमिकेतून. आणि कराराबरोबर मंजूर झालेल्या निर्णयाचा ५१वा परिच्छेद उरलंसुरलं दार लावून घेतो: कलम आठ हे कोणत्याही उत्तरदायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होऊ शकत नाही. सगळ्या प्रकरणात इतकं स्पष्ट वाक्य हेच. कोणाला काय मिळणार नाही, हे सांगताना भाषा अजिबात अडखळत नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. दिंडोरीला लागून असलेल्या निफाड तालुक्यात द्राक्षबागा अक्षरशः झोडपल्या गेल्या. बरोबर चार दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, दुबईच्या हवामान परिषदेत पहिल्याच दिवशी हानी-नुकसान निधी सुरू झाल्याची घोषणा झाली. हा निधी स्थापण्याचा निर्णय आदल्या वर्षी शर्म अल-शेखमध्ये झाला होता. परिषद संपेपर्यंत देशांनी जाहीर केलेली रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर होती.

इथे संशोधक म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ती गारपीट हवामान बदलामुळेच झाली असं मी म्हणत नाही. गारपिटीच्या कलांबद्दल विज्ञानाचा आत्मविश्वास अजून कमी आहे. अतिवृष्टीबद्दल तो बराच जास्त आहे. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. तेव्हा प्रत्येक ढगाचा गुन्हेगार शोधत बसू नये हे खरं. पण विज्ञानाची ही सावधगिरी आणि करारातलं ते बंद दार यांची गल्लत करू नका. दार बंद केलं गेलं ते विज्ञान अपुरं होतं म्हणून नाही. पुराव्याची वेळच येऊ नये म्हणून ते बंद केलं गेलं.

पैशाचं काय?

‘पण युरोपचा पैसा दिंडोरीत आलाच की,’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी आता देशभर माहीत आहे. २०२२ साली तिच्यात इन्कोफिन, कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को यांनी मिळून ३१० कोटी रुपये गुंतवले. शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या कंपनीवर युरोपच्या विकास बँकांनी इतका विश्वास ठेवावा, ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचं श्रेय त्या शेतकऱ्यांचं आहे.

पण ही गुंतवणूक आहे. गुंतवणूकदार परताव्यासाठी येतो आणि यायलाही हवं. ती भरपाई नव्हे, आणि कोणी तसा दावाही केलेला नाही. मला इथे फक्त दोन आकडे शेजारी ठेवायचे आहेत. ३१० कोटी रुपये म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ४ कोटी डॉलर. अख्ख्या जगाच्या हानी-नुकसान निधीसाठी दुबईत जाहीर झाले ७० कोटी डॉलर. म्हणजे एका तालुक्यातल्या एका कंपनीत जेवढा पैसा आला, त्याच्या सतरा-अठरा पट. तेवढ्यात पाकिस्तानचे पूर, प्रशांत महासागरातली बेटं, आफ्रिकेतले दुष्काळ आणि बाकी सगळं. जिथे परतावा दिसतो तिथे पैसा सापडतो. जिथे जबाबदारी दिसते तिथे ‘महत्त्व मान्य’ होतं.

हवामान निधीच्या हिशेबातही कराराच्या भाषेचा हात आहे. कलम ९ म्हणतं की विकसित देश विकसनशील देशांना वित्तीय साधनं देतील. ‘शॅल’, छान. पण ‘वित्त’ म्हणजे काय, ते सांगितलेलं नाही. अनुदान? कर्ज? बाजारभावाने दिलेलं कर्ज? २००९ साली कोपनहेगनमध्ये दिलेलं वचन होतं २०२०पर्यंत दर वर्षी १० हजार कोटी डॉलर. ओईसीडीच्या हिशेबाने ते २०२२मध्ये पूर्ण झालं: ११ हजार ५९० कोटी. पण त्यातल्या सरकारी पैशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्जाचा होता. ऑक्सफॅमने कर्ज म्हणून दिलेल्या रकमेतला खरा दिलासा तेवढाच मोजला, तेव्हा आकडा त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही खाली आला. दोघांनीही बेरीज बरोबर केली आहे. फरक आहे तो काय मोजायचं यात, आणि ते करारात लिहिलेलं नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण घ्या. ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठी आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यामागे जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर होते. प्रकल्प उपयोगी आहे. पण ते ४२ कोटी कर्ज आहेत. ज्या उत्सर्जनात मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा जवळपास शून्य, त्याच्याशी जुळवून घ्यायचं कर्ज तोच अप्रत्यक्षपणे फेडणार.

दोन आक्षेप, आणि त्यांना उत्तर

पहिला आक्षेप: ही तुलनाच चूक आहे. द्राक्षांचा नियम हा ग्राहकाचा नियम आहे. ज्याच्या दुकानात माल जातो तो अट घालणारच. पॅरिस हा सार्वभौम देशांमधला करार आहे.

मान्य. आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. नियमाला दात येतात ते वेशीवर, आणि वेस ज्याच्या ताब्यात, नियम त्याचा. हवेतला कार्बन कोणत्याच वेशीवर थांबत नाही, म्हणून त्यावर नियम करता येत नाही, असं आपल्याला सांगितलं जायचं. मग युरोपने ‘सीबॅम’ आणलं. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या आयातीवर, त्या बनवताना किती कार्बन बाहेर पडला याचा हिशेब आता मागितला जातो. २०२३च्या ऑक्टोबरपासून माहिती द्यावी लागत होती, २०२६पासून प्रत्यक्ष बोजा. म्हणजे कार्बनलाही आकडा लावता येतो, तोही टनाच्या हिशेबात, वेशीवर. इच्छा आणि ताकद एका बाजूला आली की सगळं जमतं. दिंडोरीच्या बागायतदाराच्या ताब्यात मात्र अशी वेस नाही, जिथे उभं राहून तो म्हणेल की तुमचं गेल्या दीडशे वर्षांचं उत्सर्जन मर्यादेबाहेर आहे, माल परत न्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंधनकारक करार करून पाहिला होता: क्योटो, १९९७. अमेरिकेने त्याला मान्यताच दिली नाही. म्हणून पॅरिसमध्ये भाषा मऊ केली, आणि त्या बदल्यात जवळपास सगळं जग आत आलं. मऊ भाषा ही सगळ्यांना बरोबर घेण्याची किंमत होती.

यात तथ्य आहे. पण किंमत मोजून माल मिळाला का, हेही विचारायला हवं. ज्या देशासाठी ‘शॅल’चं ‘शुड’ केलं, तो देश २०२०मध्ये करारातून बाहेर पडला, २०२१मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. शब्द गेला तो गेलाच, देशही राहिला नाही.

शिवाय मऊ भाषेशिवाय सगळं जग एकत्र येत नाही, हेही खरं नाही. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. त्यात ‘करतील’ होतं, आकडे होते, तारखा होत्या, आणि जे देश करारात नाहीत त्यांच्याशी त्या रसायनांच्या व्यापारावर बंदी होती. १९९०मध्ये विकसनशील देशांना जादा खर्च भरून देण्यासाठी वेगळा निधी आला आणि त्यानंतर, १९९२मध्ये, भारत सामील झाला. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे. दिंडोरीहून युरोपला जाणाऱ्या थंड कंटेनरमधला वायू कोणता असावा, हेही याच कराराच्या वंशावळीत ठरतं. अर्थात तिथे मूठभर कंपन्या आणि मूठभर रसायनं होती. इथे अख्खी अर्थव्यवस्था आहे. काम कितीतरी अवघड आहे, हे मान्यच. पण ‘सहकार्य म्हटलं की भाषा मऊच असणार’ हा काही निसर्गनियम नाही.

मधल्या काळात एक नवा मजकूर आला आहे. २३ जुलै २०२५ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सल्लागार मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, राष्ट्रीय आराखडा म्हणजे मन मानेल ते लिहायची वही नव्हे, आणि कर्तव्य मोडल्यास भरपाईपर्यंतचे परिणाम होऊ शकतात. वानुआतू या छोट्या देशाने हा विषय लावून धरला आणि त्याची सुरुवात २०१९मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. हे मत आहे, हुकूम नाही. तरी ५१व्या परिच्छेदाने लावलेलं दार त्याने किलकिलं केलं आहे.

तालुक्याच्या आतलं पॅरिस

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की सगळा दोष बाहेरच्यांचा. म्हणून आता कराराच्या ज्या तत्त्वाचा भारत सगळ्यात जोरात आग्रह धरतो, ते तत्त्व तालुक्याच्या आत आणून बघू. तत्त्व आहे ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’: ज्याने जास्त घेतलं त्याने जास्त द्यावं, ज्याला झळ जास्त त्याला आधी मिळावं.

दिंडोरीच्या पूर्वेला कालवे, द्राक्ष आणि शीतगृहं. पश्चिमेला ननाशीच्या बाजूला डोंगर आणि आदिवासी पाडे, त्यापलीकडे पेठ आणि सुरगाणा. बागांमधली छाटणी, डिपिंग, विरळणी आणि तोडणी करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या मोठ्या प्रमाणावर याच पश्चिम पट्ट्यातून येतात. गार पडली की बागायतदाराचं नुकसान होतं, आणि ते प्रचंड असतं. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानंतर राज्याने फळबागांना जाहीर केलेली मदत हेक्टरी १८ हजार रुपये होती, तीही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी सव्वासात हजार, आणि बागेचा खर्च एकरी लाखांत. बागायतदाराचा राग रास्त आहे.

पण निदान पंचनाम्याच्या फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना आहे. सातबारा आहे, गट नंबर आहे, क्षेत्र आहे. बाग गेली की विरळणीचं आणि तोडणीचं कामही जातं. सुरगाण्याहून आलेल्या बाईची जी दोन महिन्यांची मजुरी बुडाली, तिच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही. तिच्या नावावर ती बाग नाही, म्हणून तिचं नुकसानही नाही. तलाठ्याचा दोष नाही यात. त्याला दिलेल्या कागदात तिची जागाच नाही.

जागतिक पातळीवर आपण म्हणतो की जबाबदारी ठरवताना माणशी हिशेब करा, देशाची एकूण बेरीज करू नका. तो हिशेब बरोबरच आहे. सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या सहा-सातपट कार्बन सोडतो. पण ‘सरासरी भारतीय’ हाही एक पडदा आहे. त्यामागे नाशिकमधला दोन गाड्यांचा बंगला आहे आणि ननाशीचा पाडाही आहे. उद्या कलम आठखाली खरंच पैसा आला आणि तो याच सातबाऱ्याच्या वाटेने वाटला गेला, तर ज्यांच्या नावाने तो मागितला त्यांच्यापर्यंत तो जाणार नाही. कर्ता नसलेलं वाक्य पॅरिसमध्ये जितकं पळपुटं, तितकंच ते मुंबईच्या शासन निर्णयातही पळपुटं.

पुढच्या परिषदेची बातमी वाचताना

हवामान परिषद दर वर्षी होते आणि दर वर्षी ‘ऐतिहासिक करार’ अशी बातमी येते. २०२४मध्ये बाकूला ठरलं की २०३५पर्यंत दर वर्षी ३० हजार कोटी डॉलर उभे करायचे. हातोडी पडल्याबरोबर भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्यावर हरकत घेतली. त्या मजकुरालाही आपले चार प्रश्न लावून बघा: ३० हजार कोटी देणार कोण? मजकूर म्हणतो, विकसित देशांनी ‘पुढाकार’ घेऊन. पैसा सरकारी, खासगी, कर्ज, काहीही चालेल. नाही दिला तर? उत्तर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीतला तापमानाचा आकडा आणि डॉलरचा आकडा बघून झाला की मूळ मजकूर उघडा. तो संकेतस्थळावर फुकट मिळतो. पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. ‘करतील’ किती आणि ‘करावे’ किती, ते मोजा. मग ‘करतील’ असलेल्या वाक्यांमध्ये कर्ता शोधा. कर्ता सापडला तर आकडा शोधा.

हे करायला कायद्याची पदवी लागत नाही. दिंडोरीचा कोणताही निर्यातदार बागायतदार युरोपच्या अंशमर्यादांची यादी अशीच वाचतो, औषधाच्या नावासमोरच्या दशांश चिन्हापर्यंत. जगाने त्याच्याकडून इतकं काटेकोर वाचन करून घेतलं आहे. जगाने दिलेली वचनंही त्याने तितक्याच काटेकोरपणे वाचावीत, आणि त्याच्या बागेत विरळणीला येणाऱ्या बाईचं नाव त्या वचनात कुठे आहे हेही विचारावं. दुसरा प्रश्न त्याला स्वतःलाही विचारावा लागेल, म्हणून तो जास्त अवघड आहे.